पडद्याचे शुद्धिपत्र : घरच्या संगणकावर रंगांचे अंशशोधन

दोन वर्षांपूर्वी मी एका ओवीबद्ध पोथीवर लेख लिहायला घेतला. पोथी आमच्याच तालुक्यातल्या एका घरातली. घरधन्याने तिची पाने अंगणात, भर उन्हात मोबाइलवर टिपून दिली होती आणि मी ती लोधीखेड्यात घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, संगणकावर वाचत असे. एका ओवीत मला 'जनमन' असा शब्द मिळाला. ग्रांथिक ओवीत अक्षरसंख्येचे बंधन सैल असते, त्यामुळे दोन अक्षरे जास्त झाल्याचे खटकले नाही. उलट शब्द पाहून आनंदच झाला. एकांतात बसून आपल्या मनाला उपदेश करणारा हा कवी अचानक लोकांच्या मनाविषयी बोलतो आहे, असे वाटले. त्या एका शब्दावर मी दीड पान लिहिले आणि एका चर्चासत्रात वाचूनही दाखवले.

पुढे तीच छायाचित्रे एम. ए.च्या वर्गात दिली. एक विद्यार्थिनी आपला मोबाइल घेऊन टेबलाजवळ आली. म्हणाली, "मॅडम, यातलं 'जन' त खोडलं हाय ना जी?" तिच्या मोबाइलवर त्या दोन अक्षरांभोवती फिकट पिवळा पट्टा दिसत होता. घरी येऊन मी तेच चित्र माझ्या मॉनिटरवर मोठे करून पाहिले. पट्टा नव्हता. पांढरे पान आणि त्यावर किंचित फिकी अक्षरे, एवढेच. फिकेपणा मी शाईच्या खाती टाकला होता.

रविवारी पोथीच्या घरी गेले. काकाजींनी ती ओट्यावर आणून उघडली. दिवसाच्या उजेडात शंकेला जागाच नव्हती. 'जन'वर हरताळ फासलेला होता. लेखनिकाने आधी 'जन' लिहिले, चूक लक्षात येताच त्यावर हरताळाचा लेप दिला आणि पुढे 'मन' असे शुद्ध रूप लिहिले. काळाच्या ओघात लेप झिजला आणि झाकलेली अक्षरे पुन्हा वर आली. कवीचा शब्द 'मन' एवढाच होता. लेखनिकाने केलेली दुरुस्ती मी पुसून टाकली होती आणि त्याची चूक कवीच्या नावावर चढवली होती.

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. त्याचे मूळ याच रीतीत आहे. हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज. ते वाटून त्याचा लेप चुकीच्या अक्षरांवर देत. संपाच्या अर्थाचा 'हरताळ' हा निराळा शब्द. तो हाटाला ताळे लावण्यावरून आला असे मानतात. हे सारे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. तरीही माझ्या मॉनिटरने हरताळावरच हरताळ फासला, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले नाही. असे का झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येते, हे या लेखात सांगायचे आहे. आज आपल्यापैकी बहुतेकजण जुनी पुस्तके, हस्तलिखिते, पत्रे पडद्यावरच वाचतात. त्या सर्वांच्या उपयोगाची ही गोष्ट आहे.

पडदा हाही एक लेखनिक

संगणकाच्या चित्रात रंग नसतात, आकडे असतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. या तीन आकड्यांच्या १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. पडदा हे आकडे वाचतो आणि त्याप्रमाणे प्रकाश सोडतो. म्हणजे तो नक्कल करणारा लेखनिकच. मूळ प्रत आकड्यांची, त्याची नक्कल प्रकाशाची. आणि प्रत्येक लेखनिकाला हाताची सवय असते, तशी प्रत्येक पडद्याला असते. कोणाचा पांढरा निळसर, कोणाचा पिवळट. कोणी गडद छटा काळ्यात बुडवतो, कोणी फिकट छटा पांढऱ्यात विरघळवतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन मॉनिटरही शेजारी ठेवले तर तंतोतंत सारखे दिसत नाहीत. वापरलेल्या वर्षांप्रमाणे त्यांच्या मागचा दिवा मंदावतो आणि त्याचा रंगही सरकतो.

माझ्या बाबतीत मात्र दोष पडद्यापेक्षा माझाच अधिक होता. पन्नाशीनंतर डोळे कुरकुरू लागतात. अक्षरे काळीभोर आणि पान स्वच्छ दिसावे म्हणून मी मॉनिटरचे बटण दाबून कॉन्ट्रास्ट बराच वाढवून ठेवला होता. याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, उन्हात टिपलेल्या चित्रात कागदाचे आकडे २५०, २४७, २३८ आहेत आणि झिजलेल्या हरताळाचे २५०, २४६, २२२. तांबडा आणि हिरवा जवळपास सारखेच. फरक आहे तो निळ्यात, १६ पायऱ्यांचा. आता कॉन्ट्रास्ट वाढवणे म्हणजे साधारणपणे प्रत्येक आकड्याला एकाहून मोठ्या संख्येने गुणणे. ती संख्या १.१५ धरली, तर २२२ चे २५५ होतात आणि २३८ चे २७३. पण २५५ च्या वर जागाच नाही. जे वर जाईल ते २५५ वरच कापले जाते. कागदही २५५, २५५, २५५ आणि हरताळही २५५, २५५, २५५. दोन्ही शुभ्र पांढरे. पट्टा गेला. काळी अक्षरे मात्र खाली असल्याने टिकली. पान वाचायला सोपे करताना मी त्यातली साक्षच काढून टाकली होती.

दुसरे कारण रात्रीच्या वाचनाचे. झोपमोड होऊ नये म्हणून संगणकांत आणि मोबाइलमध्ये संध्याकाळनंतर पडदा पिवळसर करण्याची सोय असते. ती निळा प्रकाश कमी करते. आता पांढरा आणि फिकट पिवळा यांत फरक असतो तो निळ्याचाच. पिवळा म्हणजे निळा वजा केलेला पांढरा. निळा निम्मा केला की दोहोंतला फरकही निम्मा होतो. कंदिलाच्या उजेडात हळदीचा फिका डाग पांढऱ्या धोतरावर दिसत नाही, त्याचे कारण हेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विद्यार्थिनीचा मोबाइल बरोबर होता, असेही नाही. अनेक मोबाइल रंग मुद्दाम भडक करून दाखवतात. त्या भडकपणामुळे पट्टा उठून दिसला, हा योग. दोन्ही पडदे आपापल्या परीने चुकत होते. खरी साक्ष पोथीचीच होती. पण प्रत्येक वेळी ओट्यावर बसून पोथी पाहता येत नाही. मग पडद्याची साक्ष किती धरायची हे ठरवायला काही माप हवे.

माप कशाचे?

मराठीने रंगांची मापे वस्तूंत ठेवली आहेत. तांब्यासारखा तो तांबडा, राखेसारखा राखाडी, शेंदरासारखा शेंदरी, विटेसारखा विटकरी. हळदी, अबोली, डाळिंबी, वांगी, आमसुली, मोरपंखी, मोतिया ही सगळी नावे म्हणजे हाताशी असलेल्या वस्तूकडे दाखवलेले बोट. दुकानदाराला 'अबोली रंगाचे लुगडे' म्हटले की त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मनात एकच फूल असते, व्यवहार चालतो. आमचे लोधीखेडे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. ज्याने नुकतेच चिंचेने घासलेले तांबे पाहिले आहे आणि वर्षभर माळ्यावर पडलेलेही पाहिले आहे, त्याला 'तांबडा' या मापाची अडचण सांगायला नको. माप ठरवणारी वस्तूच बदलत असेल तर माप कुठले? आणि पडद्यावरच्या आकड्यांची अडचण त्याहूनही मोठी. '२५०, २४६, २२२' या आकड्यांमागे फूलही नाही आणि धातूही नाही.

म्हणून माप शेवटी माणसाच्या डोळ्यात शोधले गेले. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. राइट यांचे निरीक्षक १० होते, गिल्ड यांचे ७. प्रत्येकाला एक शुद्ध रंग दाखवून तो तीन मूळ प्रकाशांच्या मिश्रणाने जुळवायला सांगितले. कोणता रंग जुळायला कोणता प्रकाश किती लागला, याच्या सरासरीवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. हा कोणी माणूस नाही. तो आकड्यांचा एक तक्ता आहे. पण त्यामुळे कोणताही रंग माणसाच्या सरासरी डोळ्याच्या हिशेबात मांडता येऊ लागला. आजही पडद्याचे माप घेताना शेवटी याच तक्त्याचा आधार असतो.

पुढचा टप्पा संगणकाचा. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापला आणि कोणत्याही यंत्राच्या रंगांचे वर्णन लिहून ठेवण्याचा एक समान नमुना तयार केला. त्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी घरगुती पडद्यांसाठी एसआरजीबी नावाची एक प्रमाण रंगव्यवस्था सुचवली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आज बहुतेक छायाचित्रांतले आकडे याच व्यवस्थेत असतात. आपण प्रमाण मराठीत लिहितो आणि वाचणारा आपल्या बोलीच्या वळणाने उच्चारतो, तसेच हे आहे. आकडे प्रमाणात, उच्चार पडद्याचा.

जुळणी आणि शुद्धिपत्र

अंशशोधन या एका शब्दाखाली दोन कामे येतात. ती वेगळी समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते.

पहिले काम जुळणीचे. पडद्याचा पांढरा, त्याची उजळता आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या मापावर आणायच्या. पांढऱ्यासाठी साधारणपणे डी-६५ हे माप घेतात. ते दिवसाच्या उजेडाशी मिळते-जुळते असून त्याचे वर्णन ६५०० केल्विन असे करतात. पायऱ्यांसाठी २.२ गॅमा. याचा अर्थ असा की १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला, तरी त्यातून निघणारा प्रकाश पांढऱ्याच्या निम्मा नसतो, सुमारे २२ टक्के असतो. आपला डोळा अंधाऱ्या छटांतले फरक अधिक बारकाईने टिपतो, म्हणून पायऱ्यांची ही रचना.

दुसरे काम वर्णनाचे. जुळणी करूनही पडद्याच्या काही खोडी उरतातच. कोणत्या आकड्याला तो प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतो, हे मोजून लिहून ठेवायचे. ही नोंद म्हणजे प्रोफाइल. साहित्याच्या माणसाला ते एका शब्दात सांगता येते : शुद्धिपत्र. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असते, तेव्हा छापलेले पान बदलत नाही. कुठे काय चुकले ते वाचकाला कळते आणि तो दुरुस्त करून वाचतो. प्रोफाइलही पडदा बदलत नाही. चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर ते आधी वाचते, हा पडदा अमुक पिवळा थोडा तांबूस दाखवतो हे जाणते आणि आकडे तेवढे सरकवून पाठवते. मग पडदा आपल्या सवयीने चुकतो, पण चुकून बरोबर जागी पोहोचतो.

घरच्या घरी कसे करावे

या कामासाठी डोळा पुरत नाही. डोळा फार चांगला जुळवून घेणारा आहे. पाच मिनिटांत तो निळसर पांढऱ्यालाही पांढरे म्हणू लागतो. म्हणून एक छोटे उपकरण लागते. त्याला रंगमापक म्हणतात. संगणकाच्या माउसएवढे असते, यूएसबीला जोडायचे आणि पडद्यावर मधोमध टेकवून ठेवायचे. त्याची तार मॉनिटरच्या मागे सोडून वजनाने तोलतात. आतल्या संवेदकांपुढे रंगगाळण्या असतात आणि त्यांतून पडद्याचा प्रकाश मोजला जातो. रिचर्ड ह्यूज यांनी तयार केलेल्या कलरहग या रंगमापकाचा तर आराखडाही सर्वांसाठी खुला ठेवला आहे.

सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत मिळते. पायाचे सॉफ्टवेअर आर्गिल सीएमएस; ऑस्ट्रेलियातील ग्रॅम गिल यांनी लिहिलेले. त्याला खिडक्या-बटणे नाहीत. आज्ञा टंकाव्या लागतात. डिस्पकॅल जुळणी करते, टारजेन मोजायच्या रंगचौकटी निवडते, डिस्परीड त्या दाखवून मोजते, कोलप्रॉफ प्रोफाइल बनवते आणि डिस्पविन ते बसवते. आज्ञांची धास्ती वाटत असेल तर फ्लोरियन ह्यॉख यांनी लिहिलेले डिस्प्लेकॅल घ्यावे. ते आर्गिललाच बटणांचे रूप देते. मूळ कार्यक्रम पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीत होता. पुढे इतर स्वयंसेवकांनी तो नव्या आवृत्तीत आणला. दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालतात. विंडोजवर काही रंगमापकांसाठी आर्गिलचा स्वतःचा ड्रायव्हर बसवावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे.

मी ज्या क्रमाने काम करते तो असा.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यावा. रात्रीचा पिवळा उजेड, आपोआप कमी-जास्त होणारी उजळता, 'व्हिव्हिड' किंवा 'सिनेमा' यांसारखी सजावट बंद करावी. मॉनिटरच्या यादीतून कारखान्याच्या मूळ मांडणीवर परत जावे; कॉन्ट्रास्ट मूळ जागी आणणे सर्वांत महत्त्वाचे. पडद्यावर ऊन किंवा दिव्याची तिरीप येऊ देऊ नये.

डिस्प्लेकॅल उघडून रंगमापक आणि पडद्याचा प्रकार निवडावा. पडद्यामागचा दिवा एलईडीचा आहे की जुन्या नळीचा, हे विचारण्याचे कारण असे की एकाच पांढऱ्यात वेगवेगळ्या दिव्यांचे घटक निराळे असतात आणि रंगमापकाला त्याप्रमाणे आपले वाचन दुरुस्त करावे लागते. मग उद्दिष्ट सांगावे : पांढरा डी-६५, गॅमा २.२, उजळता प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला. रात्री मंद उजेडात काम करणाऱ्याने ८० घेतले तरी चालते.

आता सॉफ्टवेअर तांबडा, हिरवा, निळा यांच्या तीन पट्ट्या दाखवते. मॉनिटरची बटणे दाबत त्या मधोमध आणायच्या. माझ्या मॉनिटरचा निळा बराच पुढे होता. तो उतरवल्यावर पहिल्यांदा पडदा मळका वाटला. एका दिवसात डोळ्याला सवय झाली. लॅपटॉपला अशी बटणे नसतात. तिथे उजळता तेवढी बसवून बाकी काम सॉफ्टवेअरवर सोडावे.

यानंतर आपण चहा करायला जावे. पडद्यावर एकामागून एक रंगचौकटी येत राहतात आणि रंगमापक त्या मोजत राहतो. दीडदोनशे चौकटींत घरगुती काम भागते. हजारो निवडल्या तर तासन्‌तास जातात. शेवटी प्रोफाइल तयार होते आणि ते बसवायचे का, असे विचारले जाते. बसवल्यावर पडताळणी करावी. त्यात अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष रंग यांतले अंतर डेल्टा-ई या आकड्यात मिळते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. सरासरी त्याच्या जवळ आली तर काम उत्तम झाले समजावे.

एक शेवटची अट. शुद्धिपत्र वाचणारा वाचक हवा. चित्र दाखवणारे प्रत्येक सॉफ्टवेअर प्रोफाइल पाहतेच असे नाही. गिंप, क्रिता, डिजिकॅम, डार्कटेबल ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे पाहतात. हस्तलिखित वाचताना चित्र त्यांतूनच उघडावे.

उपकरण नसेल तर

रंगमापकाला काही हजार रुपये पडतात. ते सर्वांना शक्य नाही. पण निम्मी चूक उपकरणाशिवाय टळते. गिंपमध्ये पांढरे पान घेऊन त्यावर २५४, २५२, २५० आणि २४५ आकड्यांचे राखाडी चौकोन काढावेत. २५० चा चौकोन कळत नसेल तर बहुधा कॉन्ट्रास्ट जास्त आहे. तो दिसू लागेपर्यंत उतरवावा. काळ्या पानावर ५, १०, १५ चे चौकोन काढून अंधाऱ्या टोकाची अशीच परीक्षा घ्यावी. मग पांढऱ्यावर २५५, २५५, २३५ असा एक फिकट पिवळा चौकोन. हा माझा हरताळ-चौकोन. पोथी वाचायला बसण्याआधी मी तो उघडून पाहते. रात्रीचा पिवळा उजेड चुकून चालू राहिला असेल तर तो लगेच सांगतो. मॉनिटरच्या यादीत 'एसआरजीबी' किंवा '६५०० के' असा पर्याय असेल तर तो निवडावा.

खुलेपणाचे मोल

हे काम मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने करावे, असे मी म्हणते ते पैसे वाचतात म्हणून नाही, किंवा तेवढ्याचसाठी नाही. जुन्या रंगमापकांचे मूळ सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे होते. आर्गिल त्यांतली बरीच उपकरणे अजून चालवते. त्यामुळे कोणाकडून मिळालेले वापरलेले उपकरणही कामी येते. पण मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. आर्गिल आपली मोजमापे साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवते. कोणता आकडा पाठवला, कोणता रंग मिळाला, सारे ओळीने वाचता येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे चालले. तिच्या प्रत्येक पानावर संहितेखाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला पुरावा तपासता येतो. 'मी सांगतो म्हणून हा पाठ' असे तिथे चालत नाही. पडद्याच्या बाबतीत 'मी सांगतो म्हणून हा रंग' असे आपण का चालवून घ्यावे?

मर्यादा

अंशशोधनाने सारे साधत नाही, हेही सांगायला हवे. स्वस्त पडद्यांचा रंगांचा आवाकाच लहान असतो; गर्द हिंगूळ किंवा ताजा हरताळ त्यांना दाखवताच येत नाही. मोजून खोडी कळतात, नसलेली ताकद येत नाही. दुसरे, छायाचित्र घेतानाच रंग चुकला असेल तर पडदा ती चूक इमानाने दाखवेल, एवढेच. माझ्या पोथीची छायाचित्रे भर उन्हात घेतलेली होती आणि कागद जवळपास पांढऱ्या टोकाला गेला होता. आणखी थोडा उजेड जास्त असता तर हरताळ कॅमेऱ्यातच हरवला असता आणि कोणताही मॉनिटर तो परत आणू शकला नसता. म्हणून हस्तलिखित टिपताना सावलीतल्या समान उजेडात टिपावे आणि पहिल्या पानाशेजारी रंगपट्टी किंवा निदान राखाडी पट्टी ठेवावी. तिसरे, पडदा म्हातारा होत जातो, म्हणून काही महिन्यांनी मोजणी पुन्हा करावी. आणि शंका आली की मूळ पोथी पाहावी. याला पर्याय नाही.

रंगमापक एका घरात वर्षातून चार-सहा वेळाच लागतो. उरलेले दिवस कपाटात पडून असतो. म्हणून तो प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. एका महाविद्यालयाने किंवा तालुक्याच्या ग्रंथालयाने एक घेतला तर परिसरातल्या सर्व अभ्यासकांचे, वार्षिकांकाचे मुखपृष्ठ करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि घरच्या पोथ्या टिपून ठेवणाऱ्या काकाजींसारख्या मंडळींचेही काम भागेल. सौंसर, पांढुर्ण्याकडच्या घरांत माळ्यावर अजून किती पोथ्या आहेत, याची मोजदाद झालेली नाही. त्या येत्या काळात मोबाइलवर टिपल्या जाणार आणि पडद्यावरच वाचल्या जाणार. त्यांतले पाठ आपण ठरवणार ते डोळ्यांच्या आणि पडद्यांच्या भरवशावर.

चर्चासत्रात वाचलेला निबंध छापायला जायचा होता. संपादकांना पत्र लिहून मी ते दीड पान काढून टाकायला सांगितले आणि त्या जागी एक ओळ घातली : 'येथे लेखनिकाने जन हे अक्षरद्वय हरताळाने रद्द केले असून शुद्ध पाठ मन असा आहे.' विद्यार्थिनीचे आभार तळटीपेत मानले. आता पोथीची नक्कल करताना वहीच्या समासात मी तीन नोंदी करते : छायाचित्र कोणत्या उजेडातले, पडदा केव्हा मोजलेला आणि मूळ पान प्रत्यक्ष पाहिले की नाही. तिसरी नोंद रिकामी असेल तर त्या पाठावर निष्कर्ष बांधत नाही.